हे मराठी मंजूर कोणी केलं?

वेबलेट नावाची भाषांतराची एक व्यवस्था आहे. लिब्रेऑफिससारख्या मोठ्या प्रकल्पापासून कुणा एकट्यानं फावल्या वेळात लिहिलेल्या ॲपपर्यंत कितीतरी मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरांची भाषांतरं तिच्यावर चालतात. तिच्यात स्वयंचलित भाषांतराची सोय आहे. भाषा निवडायची, कोणतं यंत्र वापरायचं ते सांगायचं आणि बटण दाबायचं, की रिकाम्या ओळी भराभर भरतात. पण त्याआधी ती एक गोष्ट विचारून घेते. आलेलं भाषांतर 'सूचना' म्हणून ठेवू, 'संपादन हवं' अशी खूण लावून ठेवू, की थेट 'भाषांतर' म्हणूनच नोंदवू? तीन पर्यायांची एवढीशी यादी. यंत्र आणि मराठी या विषयावर आपल्याकडे जो वाद होतो, त्यातला कामाचा भाग या यादीत आहे. बाकीचा वाद आपण उगाच घालतो.

उगाच अशासाठी, की तो सगळा यंत्राला मराठी किती येतं यावर चालतो. एक पक्ष विनोदी भाषांतरांचे स्क्रीनशॉट टाकतो आणि हसतो. दुसरा म्हणतो, ते जुनं झालं हो, आता वापरून बघा. दुसऱ्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आलं २०१३ साली, आणि पहिली काही वर्षं त्यातून शब्द बाहेर पडायचे, वाक्यं नाही. २०१७ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांना न्यूरल, म्हणजे अख्खं वाक्य एकत्र घेऊन भाषांतर करणारी, पद्धत लागू झाली आणि वाक्यं वाक्यांसारखी दिसायला लागली. २०२२ मध्ये केंद्र सरकारची भाषिणी ही भारतीय भाषांच्या भाषांतराची यंत्रणा सुरू झाली. २०२३ मध्ये मद्रास आयआयटीतल्या एआयफॉरभारत या गटानं राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांसाठी इंडिकट्रान्स२ हे मॉडेल खुलं केलं. आता चॅटजीपीटीच्या जातकुळीतली मॉडेलं परिच्छेदच्या परिच्छेद अशा सफाईनं उतरवतात, की घाईत वाचताना कुठं अडखळायला होत नाही. मीही ती वापरतो. पहिला खर्डा त्यांच्याकडून करून घेण्यात कमीपणा कसला?

तेव्हा यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्न बाजूला ठेवू. उद्या ते आजच्यापेक्षा चांगलं असेल. माझं म्हणणं वेगळं आहे. यंत्रानं हवं तेवढं सुचवावं, पण 'हे मराठी झालं' असा शिक्का मराठी वाचणाऱ्या माणसानंच मारावा. आणि ज्या ओळीला असा माणूस मिळाला नसेल, ती ओळ अपुरी आहे हे सगळ्यांना दिसत राहावं.

हा आग्रह पुस्तकाच्या भाषांतरापेक्षा सॉफ्टवेअरच्या बाबतीत जास्त का, हे समजायला ते काम जवळून बघायला हवं. इथं भाषांतर करणाऱ्यासमोर मजकूर नसतो. एक फाइल असते, तिच्यात ओळींच्या जोड्या असतात. वर मूळ इंग्रजी, खाली रिकामी जागा. ओळ कित्येकदा एकाच शब्दाची असते. तो शब्द बटणावर बसणार आहे, मथळ्यात जाणार आहे की चुकीच्या संदेशात, हे फाइलीतून कळत नाही. 'राइट' म्हणजे उजवीकडे, बरोबर की हक्क? 'क्लिअर' म्हणजे स्पष्ट की पुसून टाका? 'मे' हा महिना की मुभा? 'ओपन' ही आज्ञा की अवस्था? इंग्रजीला हे सगळं एकाच शब्दात चालतं. मराठीत दर वेळी वेगळं लिहावं लागतं. लोकांना वाटतं की छोट्या ओळी सोप्या, त्या यंत्रानं कराव्यात, आणि लांबलचक मदतपानं माणसानं. प्रत्यक्षात उलट आहे. मदतपानात चार वाक्यं मागंपुढं असतात, त्यावरून यंत्राला अंदाज येतो. एकट्या शब्दाला मागं काही नसतं, पुढंही काही नसतं.

त्यातून काही ओळींच्या मधोमध भोक असतं. प्रोग्रामर तिथं टक्क्याचं चिन्ह आणि एखादं अक्षर टाकून ठेवतो. ॲप चालू असताना त्या जागी कुणाचं नाव, एखादा आकडा, एखादं गाव येऊन बसतं. समजा मूळ ओळ अशी आहे: अमुक गावाला जाणारी तुमची बस सुटली आहे. गावाच्या जागी भोक. आता मराठीत प्रत्यय लागला की बऱ्याच गावांचं रूप बदलतं. सातारा, पण साताऱ्याला. पुणे, पण पुण्याला. ठाणे, पण ठाण्याहून. मुंबई मात्र आहे तशी राहते. भोकाला 'ला' चिकटवणाऱ्याला पुढं काय येणार ते माहीत नसतं, म्हणून फोनवर 'सातारा ला' आणि 'पुणेला' उमटतं. हे वाचायची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की ते आपण मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. या कामात मुरलेला माणूस काय करतो? तो वाक्यच मोडतो. 'तुमची बस सुटली आहे. ठिकाण: सातारा.' दिसायला रुक्ष, पण कुठलंही गाव घाला, चुकत नाही. लिंगाचंही तसंच. फोटो हटवला, फाइल हटवली, चित्र हटवलं. इंग्रजी ओळीत एकच क्रियापद आणि एक भोक असतं, इथं तीन रूपं. तिथंही 'हटवलेल्या वस्तू: ५' असं काहीतरी करून वेळ निभावून न्यावी लागते. ही कोलनची युक्ती कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. मराठी स्थानिकीकरण करणाऱ्याला ती कधी ना कधी सापडतेच, आणि मग तो ती नव्या पोरांना सांगतो.

वेबलेटसारख्या व्यवस्थांत आपोआप तपासण्याही असतात, आणि त्या उपयोगी आहेत. पण त्या बघतात काय? भोक शाबूत आहे का, शेवटचा पूर्णविराम राहिला का, मूळ ओळ जशीच्या तशी तर डकवली नाही ना. 'सातारा ला' या सगळ्यांतून हिरवं होऊन बाहेर पडतं.

यावर ठरलेलं उत्तर असतं: यंत्राला संदर्भ द्या, स्क्रीनचं चित्र द्या, शब्दसूची द्या, मग बघा. दिला तर ते खरंच बरं लिहितं. पण तो संदर्भ देणार कोण? मूळ ओळीशेजारी एका वाक्याची टीप लिहायची सोय या फाइलींत पहिल्यापासून आहे, आणि ती टीप लिहायचा कंटाळा केला जातो, म्हणून तर माणसालाही अंदाज बांधावे लागतात. ज्यानं माणसासाठी टीप लिहिली नाही, तो यंत्रासाठी लिहील असं मानायला मला तरी आधार दिसत नाही.

गंमत अशी, की 'नक्की नाही' हे उघडपणे सांगायची रीत या क्षेत्रात जुनी आहे. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं गेटटेक्स्ट हे भाषांतराचं साधन १९९५ साली आलं आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या भाषांतराचा मोठा भाग आजही त्याच्या पद्धतीवर उभा आहे. त्यात 'फझी' नावाची खूण असते. मूळ इंग्रजी ओळ थोडी बदलली, की हे साधन जुन्या ओळींतली सर्वांत जवळची शोधतं, तिचं भाषांतर नव्या ओळीखाली आणून ठेवतं आणि वर 'फझी' लिहितं. म्हणजे, हे मी जुळवून आणलंय, कुणीतरी बघा. आणि अंतिम फाइल बनवताना, मुद्दाम वेगळं सांगितलं नसेल तर, खूण असलेल्या ओळी गाळल्या जातात. वापरणाऱ्याला तिथं मूळ इंग्रजी दिसतं. या साधनाला भाषा कळत नव्हती, अक्षरांची जवळीक तेवढी मोजता येत होती. पण आपल्याला कळत नाही हे ते लपवत नव्हतं. आजच्या यंत्राला कितीतरी पटींनी जास्त येतं, आणि नेमकी तीच खूण आपण काढून टाकायला निघालो आहोत.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते मी एका छोट्या मुक्त प्रकल्पात बघितलं. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असं बऱ्याच ठिकाणी होतं. मुख्य प्रोग्रामर दुसऱ्या देशातला, मनानं चांगला. त्यानं एके दिवशी स्क्रिप्ट चालवून एकदम पुष्कळ भाषा भरून टाकल्या, त्यात मराठीही. मजकुराच्या मांडणीची यादी 'डावीकडे, मध्यभागी, बरोबर' अशी झाली होती. एका खिडकीत 'तुझा पासवर्ड टाक' आणि पुढच्याच खिडकीत 'कृपया आपला संकेतशब्द प्रविष्ट करावा'. म्हणजे आधी वर्गमित्र बोलला आणि मग तहसीलदार. सुटी सुटी बघितली तर यातली बरीच वाक्यं शुद्ध होती. सगळी मिळून ती कुणा एकाची भाषा नव्हती. मी विचारलं, तर उत्तर आलं: जे चुकलं असेल ते तुम्ही दुरुस्त करा, कुणी अडवलंय? त्यात उद्धटपणा नव्हता. त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं, की त्यानं आमचं काम हलकं केलं आहे.

काम हलकं होत नाही, ते दिसेनासं होतं. फरक मोठा आहे. या व्यवस्थांत स्वयंसेवक आला की पहिल्यांदा 'अपूर्ण' ओळींची यादी उघडतो. रिकामी ओळ तिथं दिसते, खुणेची ओळ दिसते. 'भाषांतरित' म्हणून नोंदलेली ओळ कुणालाच दिसत नाही. ती चुकीची असेल तर कुणीतरी ॲप वापरताना अडखळायला हवं, त्याला ते कळवावंसं वाटायला हवं, कळवायचं कुठं हे माहीत हवं, आणि मग हजारो पूर्ण ओळींतून ती एक शोधून काढायला हवी. आपल्यापैकी कितीजण हे करतात? आपण सरळ सेटिंगमध्ये जातो आणि फोन इंग्रजीवर आणतो. मराठी येणाऱ्या, मराठीत विचार करणाऱ्या माणसांचे फोन इंग्रजीत का, याची कारणं अनेक आहेत, पण मराठी पडद्यावरचा अविश्वास हे त्यातलं एक आहे, आणि ते आपण स्वतः पोसलेलं आहे. मग बैठकीत कुणीतरी आकडे दाखवतं: मराठी पर्याय दिला होता, कोणी वापरत नाही.

आता विरुद्ध बाजूचं सर्वांत वजनदार म्हणणं घेऊ. ज्या बाईला इंग्रजी अक्षर वाचता येत नाही, तिला रिकाम्या ओळीचा काय उपयोग? तुमच्या शुद्धतेच्या हट्टापायी तिनं इंग्रजी पडदा का बघावा? मोडकंतोडकं का होईना, मराठी तर आहे. या म्हणण्याला सहज झटकून टाकता येत नाही, आणि टाकूही नये. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. स्वयंसेवक किती आणि ओळी किती, याचा हिशेब मांडला तर सगळं माणसाच्या हातून होणार नाही, हे उघड आहे.

म्हणून मी सगळीकडे एकच नियम लावत नाही. मदतपान, बातमी, नव्या आवृत्तीत काय बदललं याची टिपणं, असल्या मजकुराला यंत्राचं भाषांतर चालेल, फक्त वर ठळक लिहिलेलं असावं की हे यंत्राचं आहे, आणि शेजारी मूळ मजकुराचा दुवा असावा. मायक्रोसॉफ्टच्या मदतपानांवर अशी टीप असायची. त्यानं कुणाचं अडलं नाही. पण 'पैसे पाठवा', 'खातं कायमचं बंद करा', 'परवानगी द्या', औषधाच्या वेळा, अर्जातल्या अटी, इथं मोडकंतोडकं म्हणजे नसण्यापेक्षा वाईट. इंग्रजी पडदा दिसला तर ती बाई शेजारच्या मुलाला विचारते. मराठी दिसलं तर ती विचारत नाही, विश्वास ठेवते. जिला पडताळून बघायला दुसरी भाषा नाही, तिच्यापुढं न वाचलेलं मराठी ठेवणं ही तिची सोय नव्हे. जोखीम आपण तिच्यावर ढकलतो, आणि वर उपकाराची भाषा करतो.

हे जगात इतरत्रही होऊन गेलं आहे. मोझिलाच्या फायरफॉक्स या ब्राउझरसाठी मदतपानांचं एक मोठं भांडार आहे, ते भाषाभाषांतले स्वयंसेवक सांभाळतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या जपानी विभागात यंत्रभाषांतराचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, सुरू झाला. इंग्रजी पान बदललं की बॉट जपानी पान बदलणार, आणि स्वयंसेवकांना बघायला मुदत ७२ तासांची. जपानी गटानं वर्षानुवर्षं घडवलेली शैली आणि मार्गदर्शक नियम बाजूला पडले, हातानं केलेली पानं त्याखाली गेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या गटाच्या प्रमुखानं, वीसहून अधिक वर्षं हे काम केल्यावर, आपण थांबत असल्याचं जाहीर केलं. आपलं भाषांतर यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी वापरू नका, असंही त्यात होतं. जपानी ही यंत्राला न येणारी भाषा नव्हे. तिच्याकडे मजकुराचा डोंगर आहे. त्या माणसाची तक्रार दर्जाबद्दल होती, तितकीच अधिकाराबद्दलही होती. न विचारता मंजूर करण्याचा अधिकार बॉटला दिला गेला, आणि ज्यांनी ते भांडार उभं केलं त्यांना तीन दिवसांचे तपासनीस केलं गेलं.

त्याआधी २०१६ मध्ये इंग्रजी विकिपीडियानंही याच कारणानं हात आखडता घेतला होता. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाचं भाषांतराचं साधन वापरून, यंत्राचा मजकूर फारसा न तपासता, तीन हजारांहून अधिक लेख तयार झाले. ते निस्तरायला संपादकांना हटवण्याचा तात्पुरता खास नियम करावा लागला, आणि पुढं ते साधन अनुभवी संपादकांपुरतं ठेवलं गेलं. हे झालं जगातल्या सर्वांत मोठ्या विकिपीडियात, जिथं संपादकांचा तुटवडा नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि तिथं नियमित राबणारी माणसं थोडी आहेत. त्यांच्यावर असा लोंढा आला तर काय होईल, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही.

संकेतस्थळं बनवायच्या वर्डप्रेस या साधनाची पद्धत मला या बाबतीत पटते. तिथं कुणीही भाषांतर सुचवू शकतं, पण त्या भाषेचा संपादक मंजूर करेपर्यंत ते प्रतीक्षेत राहतं. तिथंही मोह आहेच. एखाद्या प्लगिनचं, म्हणजे त्याला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचं, ९० टक्के भाषांतर मंजूर झालं की त्याचा भाषासंच आपोआप बनतो, आणि ८२ टक्क्यांवर असलेल्या माणसाला उरलेले आठ टक्के यंत्राकडून भरून घ्यावेसे वाटतात. हिरवी पट्टी पूर्ण झालेली बघायला कुणाला आवडत नाही! मलाही आवडते. पण पट्टी भरलेल्या ओळी मोजते, वाचलेल्या नव्हे. निविदेत 'बावीस भाषांत उपलब्ध' असं लिहिणारा अधिकारीही तेच मोजतो, आणि पुरवठादाराला ते पक्कं ठाऊक असतं.

या सगळ्यात एक धोका असा आहे, की तो अजून फारसा चर्चेत नाही, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. भाषांतराची यंत्रं शिकतात कशावरून? ओपस नावाचा समांतर मजकुराचा, म्हणजे तीच वाक्यं दोन भाषांत शेजारी मांडलेला, एक मोठा खुला साठा आहे, जगभरचे संशोधक तो वापरतात. त्यात नोम, केडीई, उबुंटू या, लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीशी जोडलेल्या प्रकल्पांच्या भाषांतर-फाइलींचे संच आहेत. म्हणजे पुण्यात, मुंबईत, आणखी कुठं बसून कुणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी 'जतन करा' आणि 'रद्द करा' लिहिलं, ते यंत्रांच्या शिक्षणात गेलं आहे. इंग्रजीच्या बाबतीत अशा फाइली म्हणजे दर्यामें खसखस. मराठीत समांतर मजकूर मुळातच कमी, त्यामुळं इथं त्यांचं वजन वाढतं. आता याच फाइलींत यंत्राचं न वाचलेलं मराठी 'भाषांतर' म्हणून नोंदवलं, की पुढचं यंत्र त्यावरच शिकणार. २०२४ मध्ये ॲमेझॉनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की वेबवरच्या ज्या भाषांत मजकूर थोडा आहे, त्यांच्या मजकुरातला मोठा वाटा यंत्रभाषांतराचा, आणि तोही बहुधा हलक्या प्रतीचा आहे. सूचना म्हणून ठेवलेली ओळ पुढं चाळून बाजूला काढता येते. खुणेची ओळही काढता येते. एकदा वेबलेटच्या यादीतला तिसरा, थेट 'भाषांतर' म्हणून नोंदवायचा पर्याय निवडला की माणसाची ओळ कोणती आणि यंत्राची कोणती, हे त्या फाइलीवरून नंतर वेगळं करता येणार नाही. 'सातारा ला' हे मग चूक म्हणून शिल्लक राहणार नाही, उदाहरण म्हणून राहील.

नुसता 'सूचना' हा पर्याय निवडला की सगळं सुरळीत होतं, असंही मी म्हणणार नाही. पाच हजार सूचना एकाच रात्री समोर येऊन पडल्या, तर संपादक एक तर पळून जातो, नाहीतर डोळे मिटून 'सगळ्या मंजूर' करतो. दुसरं जास्त घडतं. म्हणून यंत्रानं रोज थोडं द्यावं, जे पडद्यावर सर्वांत जास्त वेळा दिसतं ते आधी द्यावं, आणि मंजुरीपुढं मंजूर करणाऱ्याचं नाव राहावं. नाव राहिलं की हात जरा सावकाश चालतो. यंत्राचं काम दुसऱ्या यंत्रानं तपासावं असं हल्ली सुचवलं जातं. चुका हुडकायला जरूर वापरा. शिक्का तरीही माणसाचा असावा, कारण उद्या विचारायचं झालं तर कुणाला तरी विचारता यायला हवं.

माणसं आणायची कुठून, हा खरा पैशाचा प्रश्न आहे. २००० नंतरच्या दशकात मराठी लिनक्सचं बरंच काम स्वयंसेवकांबरोबर पगारी लोकांनीही केलं. रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयात भारतीय भाषांचे भाषांतरकार नोकरीला होते. त्याच वातावरणातून २००८ च्या सुमारास फ्युएल हा उपक्रम निघाला. पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करायची, भाषेची जाणकार माणसं एकत्र बसवायची, आणि प्रत्येक शब्दावर वाद घालून एक प्रतिशब्द ठरवायचा. काम कंटाळवाणं होतं, पण त्यामुळं एका खिडकीतला शब्द दुसऱ्या खिडकीत बदलायचा नाही. शासनानंही कागदावरच्या मराठीसाठी हे पूर्वी केलं आहे. भाषा संचालनालय १९६० पासूनचं, शासन व्यवहार कोश १९७३ चा. त्या कोशांतल्या शब्दांना आपण नावं ठेवतो, ठेवावीतही, पण ती ठेवता येतात याचं कारण, त्यांच्यामागं समिती होती, बैठका होत्या, कुणीतरी जबाबदार होतं. पडद्यावरच्या मराठीला आज असं कोण आहे? ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटून झाले. त्या दर्जाच्या नावानं जो पैसा येईल, त्यातला थोडा तरी तपासनीसांच्या मानधनावर जावा. परिसंवाद एखादा कमी झाला तरी चालेल.

घाई का, तर कायदा दारात उभा आहे म्हणून. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानुसार, तुमची माहिती घेण्याआधी जी सूचना आणि संमतीची विनंती दाखवायची, ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागणार आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि संमतीबद्दलच्या तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. म्हणजे २०२७ च्या मध्यापर्यंत लोकांची माहिती घेणाऱ्या बहुतेक ॲपना बावीस भाषांतला कायदेशीर मजकूर तयार ठेवावा लागेल. तो कसा तयार होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. स्क्रिप्ट चालेल, तिसरा पर्याय निवडला जाईल, आणि कोट्यवधी लोक कुणीच न वाचलेल्या मराठीखाली 'मान्य आहे' दाबतील. भाषा कोणती हे कायदा सांगतो. त्या भाषेतला मजकूर माणसानं वाचलेला हवा, हे त्यात नाही. संमतीची सूचना म्हणजे हजारो ओळींचा प्रकल्प नव्हे, दोन-तीन पानांचा मजकूर असतो. तो जाणकाराकडून वाचून घ्यायला जो खर्च येईल, तो परवडत नाही असं सांगणाऱ्या कंपनीनं लोकांची माहितीच गोळा करू नये.

केंद्राचे नियम बदलायला वेळ लागेल. महाराष्ट्र शासनाला तेवढं थांबायचं कारण नाही. राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, आणि शासनाची ॲपं नि संकेतस्थळं निविदेतूनच बनतात. त्या निविदेत 'मराठीत उपलब्ध' याऐवजी तीन अटी घालता येतील. मराठीची प्रत्येक ओळ कोणी आणि केव्हा मंजूर केली याची नोंद पुरवठादारानं द्यावी. न वाचलेल्या ओळी कच्च्या म्हणून वेगळ्या दाखवाव्यात, आणि पैसे देय होतील ते मंजूर ओळींचेच. आणि तपासून पक्क्या झालेल्या जोड्या खुल्या परवान्यानं प्रसिद्ध कराव्यात, म्हणजे भाषिणीपासून एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पापर्यंत सगळ्यांना शिकायला माणसानं वाचलेलं मराठी मिळेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती तंत्रज्ञान विभागाचा एक शासन निर्णय पुरतो.